जाम नटाशी कुस्ती नको

शेतकरी बंधूंनो, एरवी आपण या पानावर बियाणं, खत, फवारणी याविषयी बोलतो. आज बोलायचंय गाडीच्या पोटाखालच्या एका गंजलेल्या नटाविषयी. हा विषय शेतीचा कसा, असं कुणी विचारेल. पण माल बाजारात पोचला नाही तर पिकवलेलं पीक बांधावरच राहतं, आणि माल पोचवते गाडी. म्हणून हा विषयही शेतीचाच.

सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, तळेगाव ढमढेरे हा पट्टा बघा. एका अंगाला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला ऊस, कांदा, भाजीपाला. घरातला एक जण शेतात, एक कंपनीत, आणि अंगणात पिकअप, जीप नाहीतर जुनी मोटार उभी. तीच गाडी पहाटे भाजी भरून मांजरीच्या उपबाजाराला किंवा पुण्याला गुलटेकडीला जाते. येताना युरिया-पोटॅशची पोती आणते. मधे कधी कोंबडखत, कधी ओला ऊस. वस्तीपासून पुणे-नगर (आताच्या अहिल्यानगर) रस्त्यापर्यंतची वाट खडकाळ नाहीतर चिखलाची. तिथून पुढे गतिरोधक आणि खड्डे. या सगळ्याचा मार चाकामागोमाग ज्या वस्तूला बसतो, तिचं नाव बुश.

बुश म्हणजे काय?

बाहेर लोखंडी कवच, आत लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मधे घट्ट चिकटवलेलं रबर, असा हा एवढासा तुकडा. आतल्या नळीतून बोल्ट आरपार जातो आणि दोन्ही बाजूंच्या कानांमधे आवळला जातो. पुढच्या चाकाचा खालचा आर्म, मागच्या पाट्यांचे डोळे, शॅकल, शॉकअपची टोकं, जिथं जिथं चाक वर-खाली हलतं तिथं असा बुश असतो. धक्का रबर खातं, म्हणून तो चासीपर्यंत जात नाही.

रबराला वय असतं. ऊन, तेल आणि माती यांनी ते तडकतं, चिरतं, कवचापासून सुटतं. मग खड्ड्यात गाडी ‘कटक-कटक’ बोलायला लागते. ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागतं. टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेनं झिजतो. आपण टायर बदलतो आणि नवा टायरही तसाच झिजतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, त्यातला प्रकार! शंका आली तर गाडी पक्क्या जमिनीवर उभी करा आणि आर्म व चासीच्या कानाच्या मधे छोटी पहार घालून हलकं उचलून बघा. रबर फाटलेलं असेल तर लोखंड मोकळं हलताना डोळ्यांना दिसतं. पहाटेच्या अंधारात, भरल्या गाडीनिशी ट्रक-कंटेनरच्या गर्दीत शिरणाऱ्यानं हे दुखणं अंगावर काढू नये.

नट जाम का होतो?

नवा बुश आणला की काम तासाभराचं, असं वाटतं. गाडीखाली गेल्यावर कळतं की नट हलंना. पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात, बोटं सोलतात. याचं कारण समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतो.

लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. नटाच्या आणि बोल्टच्या आट्यांमधे केसाएवढी फट असते. तिथं गंज फुगला की तो पाचर ठोकल्यासारखा बसतो. आता आपल्या गाडीवर काय काय सांडतं ते आठवा. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊबंद. अमोनियम सल्फेटही क्षारच. खतं हवेतली ओल ओढून घेतात आणि लोखंडावर खारट पाण्याचा थर सारखा ठेवतात. त्यातलं क्लोराईड गंजाला आणखी वेग देतं. कोंबडखत आणि शेण यांनीही लोखंड खातं. वर चिखलाचा लेप बसला की ओल आठवडाभर सुकत नाही. शहरातली मोटार आणि आपली पिकअप एकाच वर्षी घेतलेल्या असल्या, तरी आपलीचा नट आधी जाम होतो तो यामुळे.

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीचंही तसंच. ओल्या कचऱ्याचं पाणी गळून तळाच्या नटांवर बसतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गाडीच्या देखभालीत तळ धुण्याची नोंद ठेवायला हरकत नाही.

आधी तयारी

पहिली गोष्ट, बुश घेताना त्याच मॉडेलचे नवे नट-बोल्टही आणा. जुना बोल्ट वाचेलच असं धरून कामाला बसू नका. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. ती त्याची ताकद. बारा मिलिमीटरचा ८.८चा बोल्ट तुटायला सुमारे पावणेसात टन ओढ लागते. दुकानातला साधा ४.६चा बोल्ट साडेतीन टनांतच जातो. दिसायला दोन्ही सारखे. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट सस्पेन्शनला कधीही लावू नका.

दुसरी गोष्ट, जागा. नांगरटीच्या रानात किंवा खळ्याच्या मऊ मातीत गाडी उचलू नका. जमीन सपाट आणि पक्की हवी. गाडी गिअरमधे, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. जॅक हा गाडी उचलण्यापुरता. उचलल्यावर चासीखाली लोखंडी स्टँड लावायचे आणि भार त्यांच्यावर सोडायचा. विटांची थप्पी, सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर अंग गाडीखाली घालू नका. वीट तडकताना आधी सांगत नाही. जाम नटाला जोर लावताना गाडी हलतेच, आणि ती सरकली तर तुम्हाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. हा नियम पोटच्या पोराला आणि गॅरेजमधल्या पोरालाही सांगा.

तिसरी गोष्ट, पाना. नटाच्या मापाचाच, सहा कोनांचा गोटी पाना घ्या. बारा मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १९चा पाना लागतो, पण काही गाड्यांत १८चा किंवा १७चाही असतो. १८च्या नटाला १९चा पाना लावला की कोपरे गेलेच समजा. बारा कोनांचा रिंग पाना साध्या नटाला चालतो. जामला सहा कोनीच बरा, कारण तो कोपऱ्याऐवजी नटाच्या सपाट बाजूला धरतो. स्क्रू पाना म्हणजे सरकत्या जबड्याचा पाना. या कामाला तो पेटीतच राहू द्या.

आदल्या रात्रीचं काम

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तसं सकाळी बुश आणून दुपारी बदलायला बसू नका. निम्मं काम आदल्या संध्याकाळीच होतं.

तळ धुऊन घ्या आणि सुकू द्या. मग तारेच्या ब्रशनं नटाच्या पलीकडे बाहेर आलेले आटे स्वच्छ घासा. हे बहुतेक जण सोडून देतात. नट सुटला की त्याला याच आट्यांवरून बाहेर यायचं असतं. तिथं माती आणि गंज राहिला तर नट दोन फेरे फिरून पुन्हा अडकतो.

मग तेल. बाजारात गंज सोडवण्याचं फवाऱ्याचं तेल मिळतं. ते नसेल तर डिझेलमधे थोडं पातळ इंजिन तेल मिसळा. घट्ट ग्रीस इथं उपयोगाचं नाही, ते फटीत शिरत नाही. डब्ल्यूडी-४० नावाचा प्रसिद्ध फवारा अमेरिकेत १९५३ साली तयार झाला, तो धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमलं म्हणून नावात ४०. हलक्या गंजाला तो चालतो, मुरलेल्या गंजाला खास गंज सोडवणारं तेल जास्त बरं.

तेल नटाच्या दोन्ही तोंडांना लावा आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीनं दहा-बारा हलके ठोके द्या. ठोक्यानं गंजात बारीक चिरा पडतात आणि तेल त्यातून आत जातं. झोपण्याआधी पुन्हा एकदा, पहाटे उठल्यावर पुन्हा एकदा. जमिनीला वाफसा यायला वेळ द्यावा लागतो, तसाच इथंही द्यायचा. एक काळजी घ्या. हे तेल ब्रेकच्या डिस्कला किंवा लायनरला लागता कामा नये, आणि नव्या रबरालाही नको.

सकाळी नट सोडवताना

हात पोचत असेल तर नटाची पहिली पकड चाकं जमिनीवर असतानाच मोडा. गाडी आपल्याच वजनानं घट्ट उभी असते, घसरण्याचं भय नाही. त्यानंतर उचला.

बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्यानं धरा, नाहीतर नटाबरोबर बोल्टही फिरेल आणि बुशाचं रबर पिळलं जाईल. आता पहिला जोर सोडण्याच्या दिशेनं नको, आवळण्याच्या दिशेनं द्या, अगदी किंचित. ‘कट्’ असा आवाज आला की गंजाची पकड मोडली. मग सोडा. अर्धा फेरा मोकळा झाला की पाव फेरा परत आवळा, तेल द्या, पुन्हा सोडा. पुढे-मागे करत गेलं की आट्यांतली गंजाची भुकटी बाहेर पडते. सलग ओढत राहिलात तर हीच भुकटी गोळा होऊन नट मधेच कायमचा बसतो.

दिशेचीही खात्री करा. सस्पेन्शनचे बहुतेक नट डावीकडे फिरवले की सुटतात. पण जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते, म्हणून जुन्या गाडीला हात लावताना आधी आटे कुठल्या बाजूला चढतात ते बघावं.

पान्याला पाईप लावायचा तर हिशेब ध्यानात ठेवा. एक फुटाच्या पान्यावर २० किलोचा जोर लावला आणि तोच जोर तीन फुटी पाईपवर लावला, तर नटावर तिप्पट पीळ बसतो. म्हणून पाईपवर झटका नको, जोर हळूहळू वाढवा. पाना नेहमी आपल्याकडे ओढा. ढकललात आणि पाना निसटला तर मूठ थेट चासीवर आदळते. ओढताना बोल्ट रबरासारखा ‘मऊ’ लागायला लागला तर थांबा. तो सुटत नाहीये, पिळला जातोय. अजून एक रात्र तेल द्या.

तरीही हलला नाही तर

पुढची पायरी उष्णतेची. बारा मिलिमीटरचा नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक सुमारे चार शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. एवढ्याशा वाढीनंही गंजाचा थर फुटतो. मात्र ज्योत नटावर ठेवायची आणि काम झटपट करायचं. बोल्टही तेवढाच तापला तर दोघं सारखेच फुगतील आणि फायदा शून्य. तापवलेला नट-बोल्ट पुन्हा वापरू नका, त्याचं पाणी उतरलेलं असतं.

पण उष्णता घरी करायची गोष्ट नाही. आदल्या रात्रीचं तेल पेट घेतं. जवळ इंधनाची टाकी, पेट्रोल-डिझेलची नळी, सीएनजीची टाकी किंवा नळी, ब्रेकची रबरी नळी, शॉकअप यांपैकी काहीही असेल तर ज्योत नकोच. गॅसच्या शॉकअपला आच लागली तर तो फुटू शकतो. रबर जाळून बुश काढण्याची रीत काही ठिकाणी आहे, तीही टाळा. तो धूर छातीला वाईट. हे काम जाणकार वेल्डरकडे द्या आणि पाण्याची बादली व वाळू शेजारी ठेवा.

त्यापेक्षा सोपा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे नटाचा मोह सोडणं. नटाच्या एका सपाट बाजूवर छिन्नी ठेवून उभी चीर पाडा, किंवा नट फोडण्याचं अवजार वापरा. नट उकलला की आपोआप ढिला होतो. छिन्नी चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पोलादाची कपची डोळ्यात गेली तर नटाचे पंचवीस-पन्नास रुपये कुठे आणि डोळा कुठे!

नट सुटला, पण बोल्ट निघेना, ही या कामातली खरी अडचण. बोल्ट बुशाच्या आतल्या नळीला गंजानं जोडला गेलेला असतो. नट बोल्टच्या टोकापर्यंत, टोकाशी समतल येईल असा परत चढवा, म्हणजे आट्यांचं तोंड चेपत नाही. मग मधे लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा धरून ठोका. बोल्ट फिरवला की रबर पिळतं आणि सोडला की उलट येतो, असं दिसलं तर घण उचलू नका. चासीचा कान वाकला तर दोन हजारांचं काम वीस हजारांवर जातं. बुश नाहीतरी टाकायचाच आहे. बुश आणि कान यांच्यामधे करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. हातकरवतीनं वेळ लागतो, पण काही मोडत नाही. नवा बोल्ट आपण आधीच आणून ठेवलाय, तो याचसाठी.

नवा बुश बसवताना

काम संपत आलं असं वाटतं तिथंच मोठी चूक होते. गाडी स्टँडवर आहे, चाक खाली लोंबतंय, आणि आपण बोल्ट कचकचून आवळतो. आतली नळी त्या लोंबत्या स्थितीत पकडली जाते. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. म्हणून बोल्ट आधी नुसता बसवा, गाडी चाकांवर उतरवा, एक-दोनदा दाबून सोडा आणि मगच शेवटचं आवळा. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. टॉर्क पाना असलेल्या गॅरेजकडून ते करून घेतलं तर उत्तम.

बोल्टच्या गुळगुळीत भागाला, जो नळीत राहतो, ग्रीसचा पातळ हात द्या. पुढच्या वेळी करवत लागणार नाही. रबराला मात्र साधं ग्रीस लावू नका, ते फुगतं. बसवताना अडलंच तर साबणाचं पाणी लावा. आतून प्लॅस्टिकची कडी असलेला नट दरवेळी नवा घ्या. पुढच्या आर्मचे बुश बदलले असतील तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायरची झीज थांबणार नाही. आणि दोन-चार फेऱ्या झाल्या की नट पुन्हा एकदा तपासा.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून

खत किंवा कोंबडखत वाहिलं की त्याच दिवशी गाडीचा तळ साध्या पाण्यानं धुवा. जीपला आणि ट्रॉलीला जिथं ग्रीस भरायचे निपल आहेत, तिथं जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरा. वर्षातून दोनदा तळाचे नट बघा. एकदा रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमाराला, पावसाच्या आधी. आणि दुसऱ्यांदा खंडेनवमीला. त्या दिवशी आपण गाडी धुतो, हार घालतो, हळदकुंकू वाहतो. तेव्हाच पाच मिनिटं बॅटरी घेऊन खाली बघा आणि उघड्या आट्यांवर तेलाचा बोळा फिरवा.

हीच रीत नांगराच्या फाळाला, रोटाव्हेटरच्या पात्यांना, पेरणीयंत्राच्या फणांना लागू आहे. हंगाम संपला की अवजार चिखलासकट शेडमधे ढकलायचं आणि पुढच्या हंगामात पेरणीच्या सकाळी नटाशी झुंजायचं, हे आपण दरवर्षी करतो. वापसा गेला की परत येत नाही. अवजार ठेवताना धुवा, नट एकदा ढिला करून तेल लावा आणि परत बसवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आज संध्याकाळी उजेड असेपर्यंत गाडी पक्क्या जमिनीवर लावा आणि वाकून एकदा खाली बघा. रबर तडकलेलं दिसलं तर बुश आणि बोल्ट आणायला सांगा, आणि ज्या दिवशी भाजीची फेरी नाही त्याच्या आदल्या रात्री नटाला तेल द्या. सुट्टीच्या दिवशी सुटलेला नट स्वस्तात पडतो. बाजाराच्या दिवशी पहाटे रस्त्यात तुटलेला फार महाग पडतो.